आईच्या डोक्यावरची टोपी

साहेबानं डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या आईच्या डोक्यावर ठेवली.

आई म्हणजे सागाचा खांब. कमरेएवढा. वर गोल डोकं, अंगावर कोरलेले चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार. आम्ही मेळघाटातले कोरकू. आमचं माणूस मेलं की आम्ही सिडोलीचा विधी करतो आणि त्याच्या नावानं असा मुंडा रोवतो. तोवर ते माणूस रानोमाळ भटकतं. मुंडा रोवला की आपल्या जुन्या लोकांत जाऊन बसतं. अमरावतीच्या त्या दिवाणखान्यात हे मला कुणी विचारलं नाही.

टोपी नीट बसली. सगळे हसले. आधी मोठा पाहुणा म्हणून आलेला साहेब हसला, मग बाकीचे.

मी दारापाशी पोरींच्या रांगेत उभी होते. अंगात लाल स्वेटर, मंडळानं दिलेला. मंडळ म्हणजे अमरावतीतले वकील आणि अकोल्याचे कापसाचे जिनवाले शेठ. रानातल्या गरिबांना मदत करायची आणि त्यांची कला जपायची, असा त्यांचा धर्मादाय कारभार. आई गेल्यावर बापानं मला त्यांच्या बोर्डिंगात घातलं. दोन वेळा भाकर मिळायची, पाटी मिळायची. वर्षातून एकदा पाहुण्यांपुढे नाचायचं. त्या दिवशी केसांना तेल नाही. गळ्यातली चांदी काढून ठेवायची. बोर्डिंगच्या बाई म्हणायच्या, "चांदी बघून कोण देणगी देईल?"

त्या खांबावरच्या घोड्याला तीनच पाय होते. म्हणून तर मी ओळखलं. कोरताना पटाशी निसटली होती. बाप म्हणाला होता, नवं लाकूड आणू. आजी म्हणाली, "राहू दे. तिले पायीच चालाची सवय हाय."

तो खांब इथं कसा आला, ते मला बापानं नंतर सांगितलं. हिवाळ्यात मंडळाचे चिटणीस भाऊसाहेब गाडीभर कांबळी घेऊन आमच्या गावी चढले. घरटी एक कांबळं वाटलं. परतताना गाडी रिकामी होती. मोहाच्या झाडाखालून त्यांनी माझ्या आईला उपटलं. बाप आडवा झाला. भाऊसाहेब म्हणाले, "अरे, पावसात कुजून जाईल. आम्ही जपून ठेवू." शेजारी जंगलचा गार्ड उभा होता. गुरं कुठं चरायची, हे त्याच्या हातात. बाप बाजूला झाला.

जपणं म्हणे! माणसाच्या बायकोला जमिनीतून उपटायचं आणि त्याच्या अंगावर कांबळं टाकायचं, याला ही माणसं जपणं म्हणतात.

नाच झाला. मग मला पुढं बोलावलं. बाईंनी आठवडाभर घोकून घेतलेलं वाक्य मी म्हणायचं होतं: आम्ही रानटी होतो, तुमच्या दयेनं माणसांत आलो.

मी तोंड उघडलं.

"टोपी काढा. ते माही माय हाय."

सगळे आधीपेक्षा मोठ्यानं हसले. भाऊसाहेब पाहुण्यांना म्हणाले, "भोळी आहे पोर." अकोल्याचे शेठ खांबावरून हात फिरवत म्हणाले, "भाऊसाहेब, हा आमच्या व्हरांड्यात शोभेल."

"न्या की. तुमच्याच देणगीवर तर चाललंय सगळं."

झालं. माझी आई देऊन टाकली.

मी धावले. टोपी खाली फेकली आणि खांबाला मिठी मारली. बाईंनी वेणी धरून ओढलं. "ज्यांचं खातेस त्यांच्यावरच उलटतेस? अंगावर स्वेटर कुणाचा आहे?"

मी स्वेटर काढला. टोपीशेजारी टाकला.

"घ्या तुमचा. मले माय द्या."

स्वेटर घेतला त्यांनी. आईही नेली. आणि मला गावाकडं हाकलून दिलं.

घरी ते कांबळं खुंटीवर तसंच होतं. बापानं एकदाही पांघरलं नव्हतं. थंडीत शेकोटीला चिकटून बसायचा. मी म्हटलं, जाळून टाकते. तो म्हणाला, "जाळू नको. त्याईचं हाय. वापस द्याचं हाय."

पुढं बाप गेला. मोहाखाली त्याचाही मुंडा रोवला. शेजारी आईचा रिकामा खड्डा. पावसाळ्यात तो बुजतो, मी दरवर्षी उकरून ठेवते.

यंदा मी अकोल्याला गेले आणि मुद्दाम त्या शेठच्याच जिनात कामाला लागले. जुन्या शहरात राहायचं, मोर्णा नदी ओलांडून कामावर जायचं. एके दिवशी मला सरकीचं पोतं घेऊन शेठच्या बंगल्यावर धाडलं. व्हरांड्यात आई होती. तीन पायांचा घोडा होता. आणि आईच्या गळ्यात साखळी. साखळीला कुत्रं.

शेठ झोपाळ्यावर बसला होता. मी म्हटलं, "हे माही माय हाय. मी नेतो."

त्यानं मला ओळखलं नाही. म्हणाला, "लाकडाच्या ठोकळ्यासाठी रडतेस? जा, मुनीमाकडून एक लुगडं घेऊन जा."

पुन्हा तेच. काढून घ्यायचं आमचं आणि वर दान करायचं. मला अजून संताप येतो. मारणाऱ्याचा हात निदान ओळखू तरी येतो. देणाऱ्याच्या हातापुढं आमची माणसं मान खाली घालतात. माझ्या बापानं घातली.

मी लुगडं घेतलं नाही. काम सोडलं आणि गावी येऊन सगळ्यांना सांगितलं. गार्डाला भिणारे घरी बसलेत. बाकीचे माझ्यासोबत अकोल्याला येताहेत, बायाही येताहेत.

उद्या सकाळी गाडी जुंपायची. आईला खरचटू नये म्हणून आत तणस अंथरलं आहे. त्यावर ते कांबळं घडी करून ठेवलं आहे. ते शेठच्या पायरीवर टाकीन, कुत्र्याची साखळी सोडीन आणि आईला उचलीन. गळ्यातली चांदी घालून जाणार आहे. या खेपेला मागणार नाही, आणि आईला घेतल्याशिवाय तो व्हरांडा उतरणार नाही.