सहभागी क्रमांक सतरा

बीडमध्ये एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी एकोणीस वर्षं उपसंपादक होतो. आवृत्ती बंद झाली, तेव्हापासून प्राध्यापकांचे शोधनिबंध जर्नलला पाठवण्याजोगे करून देतो. समास, ओळींमधलं अंतर, तक्ते, तळटीपा, संदर्भसूचीतले स्वल्पविराम. प्रत्येक जर्नलचे नियम वेगळे असतात आणि ते पाळले नाहीत तर निबंध न वाचताच परत येतो. मजकुरात काय म्हटलं आहे याच्याशी आपला संबंध नाही, असं मी सुरुवातीलाच ठरवलं होतं.

यातलं एक काम मात्र जुन्या नोकरीच्या अगदी उलट होतं. बातमीत नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी तो माणूस टेबलासमोर येऊन उभा राहतो. म्हणून नाव तीनदा तपासायचं. मुलाखतींवरच्या निबंधात नाव राहिलं तर ती चूक. ते सगळीकडून काढायचं आणि त्या जागी क्रमांक टाकायचा. संगणक हे एका दमात करतो. कळ दाबली की तीस पानांतून एक बाई नाहीशी होते आणि किती ठिकाणी बदल झाला त्याचा आकडा समोर येतो.

आष्टीकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मॅडम असाच एक निबंध घेऊन आल्या. विषय होता ऊसतोड करणाऱ्या बायकांचं आजारपण. अकरा वर्षं त्या तासिकांवर होत्या. कॉलेजात एक कायम जागा निघाली होती आणि निबंध स्वीकारल्याचं पत्र हातात असेल तरच त्यांचा विचार होणार होता. वय बघता पुन्हा संधी येणार नव्हती. जर्नलने जवळपास होकार दिला होता. मुलाखती किमान वीस हव्यात आणि प्रत्येकीच्या संमतिपत्राची स्कॅन प्रत जोडावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मॅडमकडे बरोबर वीस मुलाखती होत्या. काही त्यांनी स्वतः गावांत फिरून घेतल्या होत्या. काही एका सहकारी प्राध्यापकाने हंगाम चालू असताना कर्नाटकातल्या एका उसाच्या फडावर जाऊन घेतल्या होत्या.

संमतिपत्रांवर सह्या कमी, अंगठेच जास्त. मी एकेक कागद स्कॅन करून अंगठा नीट चौकटीत बसवत होतो. सतराव्या अंगठ्यावर तिरकी रेघ होती, जुन्या जखमेची. मधोमध तुटून पुढे पुन्हा सुरू झालेली. तशी रेघ मी तासाभरापूर्वी पाहिली होती. चौथ्या अंगठ्यावर.

कोयता चालवणाऱ्या हातावर जखम असणारच, असं म्हणून मी पुढे गेलो आणि परत आलो. दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली. वरचं अर्धपारदर्शक केलं, थोडं फिरवलं. रेघेवर रेघ बसली. मग बाकीच्या बारीक रेषाही एकात एक बसत गेल्या आणि पडद्यावर एकच अंगठा उरला.

तेव्हा मी पहिल्यांदा मजकूर वाचला.

क्रमांक चार. वय तीसच्या आत. दोन मुलं, हंगामात सासूजवळ राहतात. ही मुलाखत मॅडमनी उन्हाळ्यात, चकलांब्याच्या पुढच्या एका गावात घेतली होती. बाई भरभर बोलते, मध्येच नवऱ्याची थट्टा करते. कंबर दुखते, बाकी बरं आहे म्हणते.

क्रमांक सतरा. वय चाळीसच्या आसपास. मूलबाळ नाही. ही मुलाखत सहकाऱ्याने त्याआधीच्या हिवाळ्यात फडावर घेतली होती. एका हंगामात आलेल्या तापाबद्दल ही बाई सांगते. कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, ती एकटी पडून होती. बाहेर मोळ्या भरल्याचा आवाज येत होता. तहान लागली होती, पण हाक मारायला तोंड उघडेना. मग तहान गेली. अंग हलकं झालं. संध्याकाळी माणसं आत आली आणि कोणी काही बोललं नाही. तिला उचलून ट्रॅक्टरमध्ये ठेवलं, अंगावर गोधडी घातली, तोंडावरूनही घेतली. सहकाऱ्याने विचारलं होतं, पुढे काय झालं? उत्तर एका ओळीचं होतं.

‘फुडचं मला म्हाईत न्हाई.’

दोन्ही ध्वनिमुद्रणं मी मागवून घेतली आणि दिवसाउजेडी, खिडकी उघडी ठेवून ऐकली. चौथीचा आवाज चढा होता. सतराव्या बाईचा बसलेला, आणि प्रत्येक वाक्यानंतर श्वास घेतल्याचा आवाज. दोन्ही आवाज एकाच बाईचे आहेत असं मी खात्रीने सांगू शकलो नसतो. नाहीत असंही नाही. सहकाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, मुकादमाच्या यादीतून नाव पुकारलं, ती येऊन बसली. मान वर केली नाही. थंडीने घसा बसला असेल असं त्याला वाटलं होतं.

मी मॅडमना बोलावून पडद्यावरचा अंगठा दाखवला. त्या म्हणाल्या, “सर, एकवीस घेतल्या असत्या तर बरं झालं असतं.” आणि लगेच त्यांनी गावाला जायचं ठरवलं. पावसाळा संपत आला होता आणि तोडणीच्या टोळ्या अजून निघायच्या होत्या. मीही सोबत गेलो.

दुपारची वेळ होती. बाई दारात शेंगा तोडत बसली होती, दोन मुलं भोवती. मॅडमना बघून हसली. तिचा नवरा बाजेवरून उठला. पेपरात फोटो येणार का, म्हणून त्याने मला विचारलं.

“तुमचा कावून छापतेन?” ती म्हणाली. “बिबट्या दिसला म्हून?”

मॅडमनी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले आणि हे दोन्ही अंगठे तुझेच का, असं विचारलं. तिने नाकारलं नाही. तिने सांगितलं ते असं. तिची थोरली बहीण या माणसाची पहिली बायको. ती फडावर तापाने गेली. त्या वर्षीच हिला दिली, आणि पुढच्या हंगामापासून ही कोयत्याला उभी राहिली. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाच्या यादीत जोडीची एकच ओळ असते. मेलेल्या बाईचं नाव खोडलं तर कोयता मोडला असं धरतात आणि आगाऊ दिलेले पैसे परत मागतात, म्हणून ओळ तशीच ठेवली. फडावर हिला सगळे थोरलीच्या नावाने हाक मारतात.

“नाव आक्काचं पुकारलं,” ती म्हणाली. “मग आक्काचंच सांगाय पायजे न्हवं?”

त्यात खोटेपणा आहे असं तिला वाटत नव्हतं. मॅडमनी विचारलं, बहीण कोपीत एकटी होती, मग तहान गेल्याचं तुला कोणी सांगितलं? नवरा मुलांना घेऊन घरामागे गेला. ती शेंगा तोडत राहिली.

“कुणी न्हाई सांगितलं. फडात गेलं की ते येतंय. हितं आलं की न्हाई आठवत. आता इचारलं तर मला सांगताबी येनार न्हाई.”

बाहेर पडताना मॅडम म्हणाल्या, सतरा काढायचा. मी म्हटलं, अंगठे कोणी एकावर एक ठेवून बघत नाही. त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाल्या, एकोणीस तर एकोणीस, पण आपण संपादकांना कळवायचं.

मी क्रमांक सतरा काढला. क्रमांक आपोआप लागत असल्याने पुढच्या बायका एकेक पायरी वर सरकल्या. संपादकांना जे घडलं ते लिहिलं. त्यांचं उत्तर अनपेक्षितपणे सभ्य आलं. फड सुरू झाल्यावर एक नवी मुलाखत घ्यावी, वीस पूर्ण कराव्यात आणि स्पष्टीकरणाचं एक वाक्य मुख्य संशोधकाच्या सहीने द्यावं, निबंध घेऊ. त्यांनी शेवटचा दिवस आणि वेळही कळवली होती. तो दिवस कॉलेजच्या निवडीच्या चार दिवस आधीचा होता.

दिवाळीनंतर मॅडम स्वतः कर्नाटकात त्याच फडावर गेल्या. परत आल्या त्या सरळ माझ्याकडे, मुदतीच्या दिवशी, दुपारी अडीचला. मुलाखत मिळाली होती. शेजारच्या कोपीतली बाई, यादीत आणि आधार कार्डावर एकच नाव, मॅडमनी दोन्ही तपासलं होतं. मी ती मुलाखत उतरवली, नाव काढलं, क्रमांक वीस दिला. तक्ते दुरुस्त केले. साडेचारला सगळं तयार होतं. उरलं ते स्पष्टीकरणाचं वाक्य. मी ते आधीच लिहून ठेवलं होतं: मूळ मसुद्यातील सहभागी क्रमांक चार व सतरा ही एकच व्यक्ती असल्याचे आढळून आल्याने सतरावी मुलाखत वगळण्यात आली आहे.

मॅडमनी ते वाचलं. सहीसाठी कागद पुढे केला तर त्यांनी पेन उचललं नाही.

“ती भेटली मला तिथं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी क्रमाने सांगितलं. रस्त्यावरून त्यांनी धाकटीच्या नावाने हाक मारली. ती वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधत होती, वळली नाही. जवळ जाऊन पुन्हा मारली, तरी नाही. थोरलीचं नाव घेतलं तेव्हा तिने मान वर केली आणि कोण पाहिजे म्हणून विचारलं. मॅडमनी गावातली भेट सांगितली, शेंगांचं सांगितलं. ती समजूतदारपणे ऐकत होती.

“मग काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘ती माझी धाकली बहीन. ती गावाकडं ऱ्हाती.’ मी मुलांचं विचारलं. म्हणाली, ‘मला लेकरू न्हाई.’”

“चेष्टा करत असेल. करते ती.”

“त्या आवाजात नाही, सर. आणि नवरा बाजूलाच होता. गावात किती बोलत होता. तिथं त्याने मोळीवरची नजर काढली नाही. एवढंच म्हणाला, ‘हितं तसंच असतंय, मॅडम.’”

मी त्यांना सांगितलं की यात कळण्यासारखं पुष्कळ आहे. बहिणीचं दुःख, इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावाने जगणं. मानसशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाने याला नावही दिलं असतं. अंगठा एक आहे म्हणजे बाई एक आहे. मी वृत्तपत्रात असतो तर हे वाक्य छापून घरी गेलो असतो. पावणेपाच झाले होते, पाचला मुदत संपत होती.

“तुम्ही गेला असता तर तुम्ही सही केली असती?” त्यांनी विचारलं.

मी गेलो नव्हतो. तेच सांगितलं.

वाक्य बदलायचा प्रयत्न केला. ‘एकच व्यक्ती असण्याची शक्यता.’ संपादक शक्यता घेणार नव्हते, तसं त्यांनी पत्रात स्पष्ट म्हटलं होतं. ‘दोन्ही मुलाखती एकाच व्यक्तीने दिल्याचे’ असं लिहून बघितलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, खाली माझी सही असणार आहे, आणि मला जे माहीत नाही ते मी सांगणार नाही. आवाज शांत होता. अकरा वर्षांचा उल्लेख त्यांनी केला नाही.

पाच वाजता जर्नलच्या पानावरचं पाठवण्याचं बटण करडं झालं. मी तरी दाबून पाहिलं. काही झालं नाही. मॅडमनी कागद पिशवीत भरले, आष्टीची गाडी किती वाजता आहे विचारलं. मी वेळ सांगितली आणि त्या जिना उतरून गेल्या.