अठ्ठावीसची बेरीज

आमच्या कऱ्हाटीच्या घरी वाढदिवसाला केकच्या आधी गणित असायचं. वडील, म्हणजे तात्या, शाळेत गणित शिकवायचे. औक्षण झालं की ते पाटीवर वयाचा आकडा लिहून त्याची कुंडली मांडायचे. तेवीस मूळ संख्या, पंचवीस वर्गसंख्या. मला भयंकर राग यायचा. धाकट्या बहिणीला मात्र ते फार आवडायचं.

ती सत्तावीसची झाली तेव्हा तात्या म्हणाले, "हा तीनाचा घन हाय. पण खरी मजा पुढल्या वर्षी. अठ्ठावीस परिपूर्ण संख्या! तिला ज्या लहान संख्यांनी पूर्ण भाग जातो, त्या सगळ्या मिळवल्या की पुन्हा अठ्ठावीसच येतात."

"मग पुढल्या वर्षी मी परिपूर्ण," ती हसून म्हणाली.

दिवाळीनंतर चार दिवसांच्या तापानं ती गेली. नरसिंहपूरच्या संगमावर आम्ही तिच्या अस्थी सोडल्या.

तिच्या वाढदिवशी तात्यांनी पाटी काढली. अठ्ठावीस लिहून खाली दोन, चार, सात, चौदा मांडले आणि बेरीज केली. सत्तावीस आले. पुसून पुन्हा केली. पुन्हा सत्तावीस.

"अठ्ठावीस व्हतच न्हाय गं," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "सत्तावीसवरच थांबतंय."

एकचा आकडा मांडायचा राहिला होता. शाळेतल्या पोरालाही दिसला असता. उठसूट सगळ्यांच्या चुका काढणारी मी, खडू हाताशीच होता.

"व्हय तात्या," मी म्हणाले, "सत्तावीसच येतात."