पल्सवाला आहेर

अंबडच्या आमच्या शेडमध्ये दुधासाठी स्टीलच्या टाक्या बनतात. तिथला वेल्डर प्रल्हाद आहेर, मूळचा कळवणचा. बारा वर्षं हा माणूस पातळ पत्र्याला भोकं पाडत आला आणि प्रत्येक भोकाचं खापर त्याने पत्र्यावर नाहीतर लाइटवर फोडलं.

मग मालकाने पल्सचं मशीन आणलं. त्यातला करंट सारखा वर-खाली होतो. वर गेला की पत्रा वितळतो, खाली आला की जरा निवतो. त्यामुळे भोक पडत नाही आणि सांध्यावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उठते. ही करामत मशीनची, हे शेंबडं पोरही सांगेल. आहेरला मात्र ती स्वतःच्या हाताची वाटली. सासुरवाडीच्या ग्रुपवर तो रोज सांध्यांचे फोटो टाकू लागला.

फोटोत नक्षी आणखी नाजूक दिसावी म्हणून त्याने वरचा करंट उतरवला. टाक्या तपासणं माझं काम. मी म्हणालो, "आहेर, सांधा वरवरच जुळतोय. आतपर्यंत वितळत नाहीये."

"तुम्ही तपासायचं बघा," तो म्हणाला. "कारागिरी नाय कळायची तुम्हाला."

मग तपासली. टाकीत पाणी भरलं, तर त्याच्या सगळ्यात देखण्या सांध्यावर खवल्याखवल्यातून थेंब उभे राहिले. अख्खी शेड बघायला जमली. आहेरने सांध्यावरून बोट फिरवलं, ते पँटला पुसलं आणि माझ्याकडे वळला.

"पाणी कुठलं भरलं हो तुम्ही?"