वैशालीचा गाळा

चार बायका एका मजल्यावर राहिल्या की किस्से आपोआप साठतात. जिन्यातल्या चपलांसारखे. आमच्या विंगमध्ये यंदा सगळे किस्से एकाच गोष्टीचे साठले: वैशालीच्या गाळ्याचे.

एकदा मी लिफ्टमधून उतरताना आत दोघीजणी बोलत होत्या. "बेलापूर गावात मिळाला म्हणे. किल्ल्याकडे. आणि म्हातारीनं ते घरच वैशालीच्या..." पुढे दार बंद. वैशालीच्या काय? मी तशीच भाजीची पिशवी घेऊन उभी.

वैशाली माझ्या समोरच्या दारातली. मूळची मालवणची. घरातून फिश थाळीचे डबे द्यायची, आणि डबे असे की ऑफिसातली माणसं घरी बायकोला फोन करून भांडायची. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं, फ्लॅटमध्ये धंदा नको, पाडव्यापर्यंत बंद करा. म्हणजे पाडव्याच्या आत गाळा, नाहीतर शेगडी बंद.

तिला गाळा हवा होता बेलापूर गावातच. जुनं गाव, अरुंद गल्ल्या, पण आता तिथे बुटिक, कॅफे आणि मोठमोठ्या गाड्या. शिवाय ऑफिसं चालत जाण्याच्या अंतरावर. मी प्रत्येक वेळी सोबत गेले. घरात बसून मला काय कळणार होतं?

*

पहिला गाळा ब्रोकरने दाखवला. "हेरिटेज लोकेशन, मॅडम. खिडकीतून डायरेक्ट किल्ल्याचा व्ह्यू."

आम्ही बघितलं. समोर भलामोठा वड.

"किल्ला कुठाय?" वैशालीने विचारलं.

"झाडामागे. झाड पडलं की दिसेल."

*

दुसरा गाळा एका बुटिकवाल्या बाईंचा, खालचा अर्धा भाग. बाई गोड बोलायच्या. "फिशला आमची काहीच हरकत नाही हं. फक्त वास यायला नको."

वैशाली म्हणाली, "मग मी फोटो वाढते."

गाळा गेला. पण मला इतकं बरं वाटलं की वाटेत मी तिला उसाचा रस पाजला.

*

तिच्या दिराचं म्हणणं, कशाला एवढा हट्ट? कळंबोलीला बघा. "वहिनी, गाळा एवढा मोठा की आत ट्रक उभा राहतो."

"भावजी, मला ट्रकला जेवायला नाही घालायचंय."

पण त्या रात्री वैशालीच्या घरात दिवा लवकर मालवला. सकाळी डोळे सुजलेले होते. मी विचारलं नाही. (हे माझ्या बाबतीत नवल आहे, आमचे हे अजून सांगतात.)

*

पाडव्याला आठवडाभर राहिला असेल. भर दुपारी आम्ही गावातून परत निघालेलो, हात हलवत. एका कौलारू घराच्या ओट्यावर म्हातारी सूप घेऊन बसलेली, आणि वर दोरीवर बोंबील वाळत घातलेले. असे पांढरेशुभ्र, कडक. वैशाली थांबलीच.

"आजी, बोंबील कसे दिले?"

मी तिला कोपराने डिवचलं. अगं, ते विकायचे नव्हते. ती घरातली पावसाळ्याची बेगमी. दुसऱ्याच्या घरच्या बेगमीचा भाव विचारायचा म्हणजे भिंतीवरचा देव मागण्यासारखं.

म्हातारीने सूप खाली ठेवलं. वैशालीला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कुठची गो तू?"

"मालवणची."

"बस."

ती जनाआजी. चहा झाला, नातवंडांची चौकशी झाली, बोंबलाला मीठ लावायचं की नाही यावर दोघींचं चांगलं वाजलं. शेवटी आजी म्हणाली, "वरीसभर मानसं येतान. कोन काफीवाला, कोन शोरूमवाला. सगली घराचा भाव इचारतान. बोंबलाचा भाव इचारनारी तू पयलीच."

मग मागची खोली दाखवली, आणि पुढची पडवी. "ओटा माजा. मी हितंच बसनार. बोंबील हितंच सुकनार. चालंल?"

वैशालीने लगेच मान डोलावली. मीच म्हटलं, "चालेल."

*

पाडव्याला शेगडी पेटली. आमच्या अख्ख्या मजल्याने त्या दिवशी घरी स्वयंपाक केला नाही. मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्याने बोलणारे सेक्रेटरीसाहेबही आले, आणि सोलकढी दोनदा मागितली.

लिफ्टमधलं ते अर्धवट बोलणं मात्र माझ्या डोक्यातून जाईना. मी आजीलाच गाठलं. "आजी, घर वैशालीच्या नावावर केलं म्हणे?"

"कोन बोलला? ती काय माजी सून हाय? एक तारखेला भारं घेतंय मी. उशीर झाला तं बोलतंय पन."

चला, भाडं घेते म्हणजे अफवाच. मी माझी थाळी घेऊन ओट्यावरच टेकले.

तेवढ्यात दारात लांबलचक गाडी थांबली. शर्ट इन केलेले दोघे उतरले. कॉफीवाले. आजीला ओळखत होते. "आजी, आता तरी विचार केलात का? घर द्यायचं का आम्हाला?"

आजीने सुपातला तांदूळ पाखडत आतल्या धुराकडे मान वळवली.

"ती आत हाय. तिला इचारा."