बाईंनी कॅमेरा विकला

आमची गाडी दुपारची होती. मे महिना आणि नागपूरचं स्टेशन. बाबांनी डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा सोडला, नळाखाली भिजवला आणि माझ्या खिडकीच्या गजांना बांधून दिला. वाटेत लू लागू नये म्हणून. वर्धा यायच्या आधीच तो खडखडीत वाळला. आई फलाटावरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "तिथं थंडी लय असते म्हणते. पायमोजे घालत जाजो." माझ्या शेजारी सुधाकर, माझा नवरा, कॅमेऱ्याची चामडी बॅग मांडीवर धरून बसला होता. लग्नाला महिनाही झाला नव्हता. तो कॉव्हेंट्रीला यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर होता, लग्नापुरता आला होता आणि आता मला घेऊन परत निघाला होता. तोंडाने मी त्याला अजून 'अहो'च म्हणते. लिहिताना नाव सोपं पडतं. हे १९७२ सालचं.

गाडी सुटायला आली तेव्हा इंदूबाई आल्या. शाळेत त्या आम्हाला चित्रकला शिकवत. त्या रडल्या नाहीत, उपदेशही केला नाही. म्हणाल्या, "या महिन्याचा तुझा फोटो राहिला गं. आता तो मी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते." सुधाकरला याचा अर्थ कळला नाही. बडनेऱ्यापर्यंत मी त्याला समजावून सांगत होते.

शाळेत एक खोक्याचा कॅमेरा होता. कोणा साहेबाने जाताना देऊन टाकलेला. त्याला ना काही फिरवायचं होतं ना जुळवायचं. खटका दाबायचा, एवढंच. एका रोलमध्ये आठ फोटो निघत. बाईंनी आठ मुली निवडल्या होत्या. महिन्याला एक रोल, म्हणजे प्रत्येकीला एक फोटो. मग महिनाभर आम्ही काय करायचो? पाहायचो. कुठे उभं राहायचं, उजेड कधी येतो, माणूस कधी आपल्याला विसरतो, हे ठरवत बसायचो. शालेय शिक्षण संपल्यावरही त्यातल्या आम्ही काही जणी बाईंकडे जात राहिलो. मी लग्न होईपर्यंत गेले.

फोटो शाळेच्या अडगळीच्या खोलीत धुतले जात. उन्हाळ्यात औषधाचं पाणी इतकं तापायचं की फोटोवरचा थर सुटून यायचा, म्हणून आम्ही माठात बर्फ घालून ठेवायचो. धुतलेले फोटो दोरीवर वाळले की एकेक करून भिंतीवर लागत. जिने फोटो काढला तिने स्टुलावर गप्प बसायचं, बाकीच्यांनी काय दिसतं ते सांगायचं. हा बाईंचा नियम होता. "तुला काय दाखवायचं होतं ते तू घरी ठेव," त्या म्हणत. "इथे काय दिसतं तेवढंच."

माझे बाबा तेव्हा गोळीबार चौकाजवळच्या आमच्या घरात हातमागावर विणत. मी त्यांचा मागावर बसलेला फोटो काढला. मला तो फार आवडला होता. मुली म्हणाल्या, बाबा दिसतात, पण माग चालू आहे की बंद ते कळत नाही. मी चिडले. नंतर महिनाभर बाबांजवळ बसून राहिले आणि पुढच्या वेळी मागाखाली चालणारे त्यांचे पाय काढले. बाबांना काही ते पटलं नाही. "एका फोटोले महिना लागते? काहून वं, तुमच्या बाईचं घड्याळ बंद पडलं का?" पण त्या फोटोसमोर ते कितीतरी वेळ उभे राहिले होते.

कॉव्हेंट्रीला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात सुधाकरने त्याचा कॅमेरा माझ्या हातात दिला. जपानी होता, जड, आणि त्याने तो पहिल्या नोकरीत पोटाला चिमटा घेऊन विकत घेतलेला. आठवड्यातून एकदा तो मऊ कापडाने पुसायचा. "आता काढ हवे तेवढे," म्हणाला. मी बागेत गेले आणि एका दुपारी छत्तीस फोटो काढले. सगळे चांगले आले. चांगले म्हणजे स्वच्छ. त्यांचं पुढे काय करायचं हे मला कळेना.

सुधाकर एका फोटोग्राफीच्या क्लबात जायचा. तिथे मलाही नेलं. सभ्य माणसं होती. माझा फोटो हातात घेऊन त्यांनी विचारलं, लेन्स कुठली, फिल्म कुठली, लेन्सचं छिद्र किती ठेवलं होतं. सुधाकरने माझ्या वतीने उत्तरं दिली. फोटोत एक म्हातारी कबुतरांना पाव घालत होती आणि स्वतःही त्यातलाच तुकडा खात होती. तिच्याबद्दल कोणी काही बोललं नाही. मी पुन्हा गेले नाही. कोणावर राग नव्हता.

पुढे मी फोटो धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात कामाला लागले. पट्ट्यावरून लोकांच्या सुट्ट्या, बारशी, लग्नं, कुत्री सरकत जायची आणि बिघडलेले फोटो बाजूला काढायचं माझं काम होतं. माझ्याबरोबर पंजाबी, गुजराती बायका होत्या. हिवाळ्यात सकाळी अंधारात बस पकडायची, संध्याकाळी अंधारात परत यायचं. नागपूरच्या पत्रात विचारलं तर मी लिहायचे, काम सोपं आहे. खरंच सोपं होतं.

एकदा भावाच्या पत्रात आलं की शाळेचा खोक्याचा कॅमेरा पडून फुटला आणि बाईंचा वर्ग बंद आहे. मी ते सुधाकरला वाचून दाखवलं आणि विसरून गेले. पुढच्या रविवारी तो टेबलाशी बसून कॅमेरा पुसत होता. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग त्याने तो माझ्या लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळला. आमच्या ओळखीचं एक कुटुंब नागपूरला निघालं होतं. "त्यांच्याबरोबर देतो," म्हणाला. "तुझ्या बाईंना." मी नको म्हटलं. तो म्हणाला, "मी काय, पुन्हा घेईन." पण नंतर मुलगी झाली, घर झालं, आणि पुन्हा घेणं राहिलं. तिथे औषधांच्या दुकानातही प्लॅस्टिकचा एक स्वस्त कॅमेरा मिळायचा, तो त्याने मोठा कॅमेरा दिल्यावर लगेचच आणला होता. त्यावरच तो आमचे फोटो काढत असे. बाईंचं आभाराचं पत्र आलं होतं. त्यात मुलींबद्दल पुष्कळ होतं, कॅमेऱ्याबद्दल एक ओळ.

१९७८ मध्ये आम्ही पहिल्यांदा नागपूरला गेलो. मुलीला, नंदिनीला, आईजवळ ठेवून बाईंकडे निघालो. सुधाकरने आपल्या फोटोंचं जाड पाकीट बरोबर घेतलं होतं. कॅमेरा असताना काढलेली वेल्सची डोंगर-तळी, मोठी करून घेतलेली. बाईंनी आता घराशेजारीच एक खोली भाड्याने घेतली होती. आत गेलो, पाणी झालं, आणि सुधाकरने विचारलं, "कॅमेरा कसा आहे? पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, कोरड्या जागी ठेवावा लागतो."

बाई म्हणाल्या, "विकला मी तो, जवाईबुवा."

सुधाकर म्हणाला, "विकला?"

"विकला. शाळेत आला त्या दिवशी मुख्याध्यापिकेने तो लोखंडी कपाटात ठेवला, शिल्डांशेजारी. हात लावायचा तर अर्ज करा, म्हणे. मुली भीतीने जवळ येईनात. एकीच्या हाताला घाम आला म्हणून ती रडली. मी म्हटलं, कॅमेरा मला पाठवलाय, शाळेला नाही. घेऊन आले आणि विकून टाकला."

"मला कळवायचं तरी," सुधाकर म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, पण मी त्याला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "माझा होता तो."

"हो, कळवायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं. विकला ते चुकलं नाही." बाई उठल्या. "या, बघा त्याचं काय झालं."

आतल्या खोलीत बंद पडलेल्या कोणत्या तरी स्टुडिओतलं फोटो मोठे करायचं यंत्र होतं. फळीवर तीन खोक्याचे कॅमेरे, जुने, एकाचा पट्टा सुतळीचा. आणि चारी भिंतींवर फोटो. भाजीवाली, पडका हौद, शिवणयंत्रावर झोपलेली बहीण, सायकल शिकणारी कोणाची तरी आई. इतवारीतल्या, पाचपावलीतल्या मुली संध्याकाळ झाली तशा येऊ लागल्या. उमरेडहून एक यायची, रेखा नावाची, एस.टी.ने येई आणि शेवटच्या एस.टी.ने परत जाई. तिच्या घरी अजून माग होता. बोलायला ती सगळ्यांत पुढे.

बाईंनी सुधाकरला विचारलं, "तुमचे फोटो आणलेत ना? लावा." आणि स्टूल पुढे सरकवलं. तो बसला. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल.

मुली त्याच्या तळ्यासमोर उभ्या राहिल्या. एक म्हणाली, पाणी किती साफ आहे. दुसरी म्हणाली, कॅलेंडरमध्ये असते तसं. मग रेखा म्हणाली, "फोटो खूप चांगला आहे जी. पण काढणारा कुठं उभा होता तेच समजत नाही. तिथं कोणी उभंच नव्हतं, असं वाटून राहिलं."

सुधाकरने नियम मोडला नाही. गप्प बसला. बाईंनी पाकिटातून पुढचा फोटो ओढला, तर त्याला चिकटून एक लहानसा रंगीत फोटो आला. प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्यातला, थोडा हललेला. कुठूनतरी वरून काढलेला. सकाळचा धुरकट उजेड, रस्त्यावर बस उभी, तिचं दार उघडं, आणि दारासमोर कोट आणि स्कार्फ घातलेली एक बाई. सुधाकरने हात पुढे केला, पण बाईंनी तो भिंतीवर लावूनही टाकला.

"हे बाई कोणाची वाट पाहून राहिली?" एकीने विचारलं.

"बसची."

"बस तर समोर उभी आहे. दार उघडं आहे. तरी चढून नाही राहिली."

"हिले घरी जायचं असन."

"घरूनच तर निघाली असन ना? सकाळ आहे."

"मंग ते घर तिचं नसन," रेखा म्हणाली.

त्या बराच वेळ भांडत राहिल्या. त्यांना ठाऊक नव्हतं की ती बाई त्यांच्या मागेच उभी आहे. मलाही ते जरा उशिराच कळलं. आधी मी माझा स्कार्फ ओळखला. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग मुलींना चहा ठेवायला सांगितलं.

परतताना सायकलरिक्षात मी सुधाकरला विचारलं, "तो फोटो कधी काढलात?"

"नंदिनी व्हायच्या आधी. वरच्या खिडकीतून. तू रोज तशी उभी राहायचीस. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा तेव्हा चढायचीस."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुला तिथे नेलं होतं मीच."

इतक्या वर्षांत मी त्याला काही सांगितलं नव्हतं आणि त्याने काही विचारलं नव्हतं. कॅमेऱ्याबद्दल तो पुढे एवढंच म्हणाला की बाईंना भाव जरा कमीच मिळाला असेल. तीन दिवसांनी तो एकटाच पुन्हा त्यांच्या खोलीवर गेला आणि मोठं करायच्या यंत्राची हलणारी दांडी नीट बसवून आला. नंतर सुट्टी संपेपर्यंत तिथेच जायचा.

कॉव्हेंट्रीला आल्यावर आमचं आयुष्य काही बदललं नाही, पण रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत कारखान्यातल्या माझ्याबरोबरच्या काही बायका येऊ लागल्या. जिच्याकडे जो कॅमेरा असेल त्याने काढलेले फोटो घेऊन. गुरमीतने तिच्या सासूचे हात काढले, त्यावर आम्ही जेवणाची वेळ होईस्तोवर बोललो. भाषा तिन्ही-चारी मिसळलेली. सुधाकर क्लबात जातो अजून. लेन्सवर बोलायला त्याला आवडतं, आणि त्यात काय वाईट आहे. पण फोटो तो आधी बायकांना दाखवतो.

आमच्या ओळखीचे जे नागपुरातच राहिले त्यांना वाटतं, आम्ही सगळं मिळवलं. जे आमच्यासारखे बाहेर आले ते एकमेकांना विचारतात, परत कधी? मध्यंतरी सुधाकरला नागपूरजवळ हिंगण्याच्या कारखान्यात चांगली नोकरी मिळत होती. आम्ही पुष्कळ विचार केला आणि नाही म्हटलं. मुलगी इथली झाली आहे. बाबा गेले. भावाने गोळीबार चौकातलं घर सोडून नवीन वस्तीत घर बांधलं. म्हणजे परत जायचं म्हटलं तरी ते दुसऱ्याच कुठल्या तरी घरी जाणं झालं असतं.

इंदूबाईंना आता नीट दिसत नाही. खोली रेखा चालवते. लग्नाचे, मुंजीचे फोटो काढून पोट भरते आणि संध्याकाळी मुलींना घेऊन बसते. या वर्षी तिने मला न विचारता आईचा फोटो पाठवला. आई भावाच्या नव्या घरात पलंगावर बसली आहे. पडदा माझ्या ओळखीचा नाही, पलंग नाही, मागे टीव्हीवर टाकलेलं विणकामही नाही. आईचे पुढचे दात पडले आहेत हे मला माहीत नव्हतं. ती तोंड उघडून हसते आहे, कॅमेऱ्याकडे न पाहता, फोटो काढणारीकडे. असं मोकळं हसताना मी तिला क्वचितच पाहिलं असेल. मी घरात होते तेव्हा तिला सवड नव्हती, आणि आता जाते तेव्हा ती माझ्या जाण्याचे दिवस मोजत असते.

मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही. भावाकडे फोन आलाय, तिथे रविवारी लावला.

"ते पोरगी येते वं कधी कधी," आई म्हणाली. "कॅमेरा बाजूले ठेवून बसते नुसती. मी म्हटलं, काढ ना बाई फोटो लवकर, तुले एस.टी. पकडायची आहे. तर म्हणते, राहू द्या आजी, आज तुम्हाले नुसतं पाहतो."

"मग तू काय म्हटलं?"

"मी काय म्हणू? म्हटलं, पाह्य. माह्याकडे पाहाले कोणाले वेळ आहे आता? मंग मी तिले चहा करून देल्ला."