परत लावलेलं कुलूप

गल्लीतले लोक त्यांना अजून घड्याळवाले म्हणतात. खरं तर गेल्या बारा वर्षांत त्यांनी एकाही घड्याळाचं झाकण उघडलेलं नाही. लोकांनी मनगटावरची घड्याळं काढून ठेवली आणि वेळ खिशातल्या फोनात बघायला सुरुवात केली, तेव्हा यांनी कुरकुर न करता टेबल तेच ठेवलं, डोळ्याला लावायचं भिंग तेच ठेवलं आणि भिंगाखाली फोन घेतला. "माल बदलला, मान दुखायची तशीच दुखते," असं म्हणून ते हसायचे.

माणूस हुशार, यात वाद नाही. पण हुशार माणसाची एक खोड असते. जगातली प्रत्येक बिघडलेली वस्तू आपलीच वाट बघत बसली आहे, असं त्याला वाटत राहतं. कुणी "हे आता टाकून द्या" म्हटलं की घड्याळवाल्यांच्या कपाळाला आठी पडे. त्यांची बायको म्हणायची, "हाताला यश आहे तुमच्या म्हणून बोलत नाही, नाहीतर या घरात पाय ठेवायला जागा उरली नसती." जागा तशीही उरली नव्हतीच. पलंगाखाली डबे, डब्यांत स्क्रू, आणि कुठला स्क्रू कुठल्या फोनचा हे फक्त त्यांना ठाऊक.

त्यांची धाकटी बहीण बावन्न वर्षांची होती, तरी त्यांच्या लेखी ती छोटीच. नवरा गेल्यावर छोटी आजाऱ्यांची काळजी घ्यायच्या कामाला लागली. हे काम एका ब्युरोकडून मिळायचं. ब्युरोतल्या सगळ्या बायकांना लोक मावशी म्हणतात, मग ती तिशीतली का असेना. छोटी तिथली सगळ्यांत जुनी मावशी. गेली चार वर्षं ती एकाच घरी जात होती. तिथे एक म्हातारे वकील अंथरुणाला खिळले होते. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. त्यांना भरवणं म्हणजे दिव्यच होतं. सुनेच्या हातचा घास ते ओठ मिटून परत पाठवायचे, छोटीच्या हातचा मात्र खायचे. "काय करतेस गं तू?" असं सुनेने एकदा विचारलं, तर छोटी म्हणाली, "काही नाही. थांबते." एवढंच तिचं कसब.

ब्युरोने सगळ्या मावश्यांना एकदम एकाच मॉडेलचे सव्वीस फोन दिले होते. आजाऱ्याच्या घरी पोचलं की ब्युरोच्या ॲपवर हजेरी लावायची. हजेरी लागली नाही तर दोन तासांत ती ड्यूटी यादीतल्या पुढच्या बाईला. आजारपणाचा खर्च देणारी विमा कंपनी त्या हजेरीवरच चालायची, त्यामुळे तिथे रडून, भांडून, ओळख काढून काही उपयोग नसे.

दोन वर्षांपूर्वी ॲप नवं झालं आणि जुन्या अँड्रॉइडवर चालेना. फोन बनवणाऱ्या कंपनीने या मॉडेलला अपडेट देणं कधीच बंद केलं होतं. सव्वीस मावश्या सव्वीस धडधाकट फोन हातात धरून घड्याळवाल्यांच्या दारात उभ्या राहिल्या. काच फुटलेली नाही, बॅटरी फुगलेली नाही, फक्त फोनला म्हातारा ठरवलेलं. घड्याळवाल्यांना ते स्वतःच्या अंगावर आल्यासारखं झालं.

फोन सुरू होताना सगळ्यांत आधी बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो. दारावरचा पहारेकरीच म्हणा. कंपनीचा शिक्का असलेलीच प्रणाली तो आत सोडतो, कारण कंपनीने त्याला तसं कुलूप घातलेलं असतं. हे कुलूप उघडलं तर बाहेरच्या कुणी बनवलेली नवी प्रणाली, म्हणजे रॉम, फोनात टाकता येते. या कंपनीकडे रीतसर अर्ज करायचा, सात दिवस थांबायचं, मग कुलूप उघडायची परवानगी यायची. उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जायचं. घड्याळवाल्यांनी आधी प्रत्येकीचे फोटो, नंबर काढून ठेवले, सव्वीस अर्ज केले, वाट बघितली. इंटरनेटवरच्या एका चर्चागटात या मॉडेलसाठी नवी रॉम बनवणारा कुणीतरी होता. त्याचं नाव कळायला मार्ग नव्हता, चित्र घुबडाचं होतं. घुबडाचं इंग्रजी घड्याळवाल्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. महिन्याभरात सव्वीसच्या सव्वीस फोन नव्या ॲपवर हजेरी लावायला लागले.

ते दिवस त्यांचे होते. मावश्या त्यांना भाऊ म्हणायला लागल्या. ब्युरोच्या मॅनेजरबाईंनी बोलावून चहा पाजला. छोटी तर ज्याला त्याला सांगत सुटली, "आमच्या दादाने केलं." घड्याळवाले वरवर "त्यात काय एवढं" म्हणायचे, आणि घरी येऊन बायकोला तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायचे.

यंदा मात्र ब्युरोचा निरोप आला. येत्या सोमवारपासून कुलूप उघडलेल्या फोनवर ॲप चालणार नाही, विमा कंपनीची अट आहे. नवा फोन आणला तर तपासून जोडायला आठ दिवस लागतील. तोवर ऑफिसचे नऊ फोन आहेत, ज्यांना हवेत त्यांनी शनिवारपर्यंत नाव द्यावं, जुन्या मावश्यांना आधी.

गुरुवारी कामावरून येताना छोटी टेबलाशी आली. "दादा, नाव देऊन टाकते. यादीत माझंच नाव पहिलं लागेल."

"दुसऱ्याचा फोन कशाला मागायचा? मी बसलोय ना इथे?"

"अरे, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"छोटे, मी बघतो म्हटलं ना."

भाऊ 'बघतो' म्हणाला की विषय संपला, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने नाव दिलं नाही. शनिवारी नऊ फोन नऊ जणींनी उचलले, बाकीच्या नव्या फोनाच्या मागे लागल्या.

इकडे घड्याळवाल्यांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. कंपनीची मूळ प्रणाली परत टाकून कुलूप लावावं, तर अँड्रॉइड जुनं आणि ॲप चालत नाही. घुबडाची रॉम ठेवावी, तर कुलूप उघडं आणि ॲप आत घेत नाही. कुलूप उघडं असल्याचं लपवायच्या तीन युक्त्या त्यांनी करून पाहिल्या. ॲपने तिन्ही ओळखल्या. उरला एकच रस्ता. रॉम घुबडाचीच ठेवायची आणि वरून कुलूप परत लावायचं. त्या रस्त्याच्या तोंडावर घुबडाने लाल अक्षरांत लिहून ठेवलं होतं, या मॉडेलला ही रॉम असताना परत कुलूप लावू नका, फोन कायमचा डेड होईल.

घड्याळवाल्यांनी ते दोन वर्षांपूर्वीच वाचलं होतं, आणि मावश्यांना मोठ्या तोंडाने समजावूनही सांगितलं होतं. पण शनिवारी त्यांना चर्चागटाच्या तळाशी कुणा अनोळखी माणसाचा मजकूर सापडला. मी लावलं, चाललं. खाली फोटो. त्यांनी घुबडाला विचारलं. घुबड दोन महिन्यांपूर्वीच सगळ्यांचा निरोप घेऊन गेलं होतं, आता वेळ होत नाही म्हणून. ज्याला हवं तेच शोधायचं असतं, त्याला एक फोटोही पुरतो.

त्यांचा एक नियम होता. नवा प्रयोग परक्याच्या वस्तूवर करायचा नाही, आधी घरच्या वस्तूवर करायचा. नियम चांगलाच, कुणीही मान डोलवेल. त्यासाठी त्याच मॉडेलचे दोन जादा फोन त्यांनी जपून ठेवले होते, पण त्यांचे डिस्प्ले नि बॅटऱ्या कधीच मावश्यांच्या फोनांत गेल्या होत्या. त्यांचा स्वतःचा फोन वेगळ्या कंपनीचा, तोही कुलूप उघडलेला. बायकोचा साधा बटणांचा. म्हणजे घरची वस्तू एकच उरली.

रविवारी दुपारी छोटी जेवायला आली. फोन टेबलावर ठेवला आणि कंबर धरून आतल्या खोलीत आडवी झाली. भिंतीपलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. घड्याळवाल्यांनी केबल जोडली. बायको दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. "विचारलंत तिला?"

"झोपलीय. उगाच कशाला उठवायचं."

"विषाची परीक्षा घेताय तुम्ही."

"हिला फोनमधलं कळतं का काही?" असं ते पुटपुटले. ही म्हणजे बायको की बहीण, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. त्यांनी संगणकावर एक ओळ टाइप केली. फोनने विचारलं, खरंच कुलूप लावायचं? आवाजाचं बटण दाबून त्यांनी 'हो' निवडलं.

कंपनीचं चिन्ह उजळलं. मग काळा पडदा, त्यावर लाल त्रिकोण, आणि एक ओळ. या फोनवर विश्वास ठेवता येत नाही, हा सुरू होणार नाही. त्यांनी बटणं दाबली, केबल बदलली, बॅटरी काढून परत लावली. पुन्हा तीच ओळ. कुलूप आता लागलेलं होतं, पक्कं, आणि ते उघडायची वाट फोन सुरू झाल्याशिवाय नव्हती. बायको चहा टाकायला निघून गेली.

छोटी उठून आली. "झालं का रे?"

"जरा वेळ लागतोय."

"बरं." तिने चहा प्यायला, भावाच्या हाताशीही एक कप सरकवला, आणि संध्याकाळपर्यंत ती त्या टेबलाजवळ स्टुलावर बसून राहिली. ते मात्र मान वर करत नव्हते. दिवे लागायच्या वेळेला त्यांनी सांगितलं. तिने फोन हातात घेतला, तो लाल त्रिकोण बघितला, पदराने काच पुसली आणि फोन परत ठेवला.

सोमवारी ती नेहमीच्या वेळेला, सातला, वकिलांच्या घरी गेली. हजेरी नाही तर नाही, म्हातारा उपाशी राहायला नको. नऊ वाजता ब्युरोने पाठवलेली दुसरी मावशी फोन हातात धरून दारात उभी राहिली. सून म्हणाली, "मावशी, आम्हाला तुम्हीच हव्यात हो. पण विमा त्यांच्याच हजेरीवर मिळणार." छोटीने अर्धी राहिलेली वाटी त्या बाईच्या हातात दिली आणि सांगितलं, "घाई करू नका. चमचा ओठाला लावून थांबा." ती बाई हो म्हणाली. तिच्याकडे त्या दिवशी आणखी दोन घरं होती.

घड्याळवाले तोवर कंपनीच्या सेवा केंद्रात रांगेत होते. काउंटरवरच्या बाईने फोन उलटसुलट केला आणि सांगितलं, "या मॉडेलचं काम आम्ही आता घेत नाही. शिवाय हा उघडलेला होता." मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक कोरा करकरीत फोन विकत घेतला आणि ब्युरोत नेऊन दिला. तपासणीचे आठ दिवस सुरू झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हात त्यांचा होता आणि अवलक्षण बहिणीच्या वाट्याला आलं होतं.

आठ दिवसांत वकिलांनी तोंड मिटलं ते मिटलंच. पाचव्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवून नाकातून नळी घातली. नवव्या दिवशी छोटीचा फोन जोडला गेला, तेव्हा भरवायचं काम उरलं नव्हतं, म्हणून त्या घरी दिवसभराच्या बाईची गरजही उरली नव्हती. ब्युरोने तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला ड्यूटी दिली, त्या भागात नवी म्हणून तिथल्या यादीत शेवटची.

त्या दिवशी जाताना ती टेबलाशी थांबली. दवाखान्यात जाऊन आली होती. "ओळखलं त्यांनी मला," ती म्हणाली. "तोंड उघडलं. नळी होती, तरी उघडलं."

घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "छोटे, त्या माणसाने फोटो टाकला होता गं. चाललेला फोन दिसत होता त्यात. मला वाटलं..."

"फोटो असेल खरा."

"परक्याचा फोन घेतला असता तर माझ्या हातून ते झालंच नसतं. आपला म्हणून..."

"तेच तर, दादा." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्यांना सोपं गेलं असतं. "परकीला तू विचारलं असतंस. मी भिंतीपलीकडे होते. हाक मारली असतीस तर नको म्हटलं असतं मी. फोन दुरुस्त व्हावा हे तुला हवं होतं रे. मला फक्त सोमवारी सातला तिथे असायचं होतं."

तिने पिशवी खांद्याला अडकवली, नवा फोन आत नीट ठेवला आणि उशीर होतोय म्हणून निघाली.