वहीत न लिहिलेला सोमवार

आधी तळहातांना खाज सुटते. मग कान गरम होतात, ओठ जड होतात आणि आवाज घोगरा होतो. त्यानंतर श्वास पुरत नाही. असे माझ्या बाबतीत आतापर्यंत चार वेळा झाले आहे, चारही वेळा काहीतरी खाल्ल्यावर. कशामुळे होते ते डॉक्टरांना सापडलेले नाही. हे आधीच सांगते, म्हणजे शेवटी कारण कळेल म्हणून कोणी वाट बघू नये. मला लिहायचे आहे ते आमच्या शेजारच्या काकीबद्दल, आणि मी गप्प राहिले त्याबद्दल. नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

आमचे गाव गोव्यात, पेडणे तालुक्यात, हळर्णच्या बाजूला. बाबा डिचोलीला खाणीवर टिप्पर चालवतात. खाण बंद असली की मिळेल ते भाडे मारतात. आई हंगामात दुसऱ्यांच्या बागेत काजू गोळा करायला जाते, एरवी शेतात. त्यामुळे शाळा सुटली की मी काकीकडे जायचे. ती नात्याची नव्हे. तिचे घर आमच्या अंगणाला लागून आहे, एवढेच. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तिच्या चुलीवर माझ्या वाटणीचे असायचेच. मी बारावी झाले तेव्हा तिने मणगणे केले होते, गूळ आणि नारळाच्या रसातली चण्याची डाळ. "खा गो चेडवा, आमच्या वाड्यार इतक्या कोण शिकूक नाय," असे म्हणत तिने तीनदा वाढले.

पहिल्यांदा झाले ते नागपंचमीला, तिच्याकडच्या हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या खाल्ल्यावर. मी म्हापशाला कॉलेजात जाऊ लागून थोडेच दिवस झाले होते. रिक्षाने पेडण्याला नेले, इंजेक्शन दिले, संध्याकाळी मी घरी आले. तेव्हा सगळे हसण्यावारी गेले. काकीच म्हणाली, "माझ्या पातोळ्यांक कोणाची तरी दीष्ट लागली." दुसऱ्यांदा झाले तेही तिच्याच स्वयंपाकघरात, आंबोळी खाताना. मग मात्र कोणी हसले नाही. आत्या आली होती, ती आईला म्हणाली, "वहिनी, दोनदा झाला. दोनूय वेळां एकाच घरात. तू भोळी आसस."

आई भोळी नव्हती, घाबरली होती. ती माझ्यासाठी सोमवार धरू लागली. दिवसभर काही खायची नाही, संध्याकाळी देवळात जाऊन आली की थोडी पेज घ्यायची. सोमवारी आमच्या घरात मासळी, अंडे असे काही शिजत नाहीच, पण उपास कोणी करत नव्हते. तो तिने माझ्यामुळे सुरू केला.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात रक्त तपासले, हातावर टोचून बघितले. काजूचा संशय सगळ्यांना होता, कारण आई काजूतच वावरते. पण काजू निघाला नाही. नारळ नाही, मासे नाहीत, काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, एक वही कर, जे पोटात जाईल ते लिही. ते काम मला आवडले, हे मी कबूल केले पाहिजे. घरात लिहिणारी मी एकटीच. आई रोज विचारायची, "लिवलंस मगे?" आणि वही उघडून नुसती अक्षरांकडे बघायची.

तिसरी वेळ सोमवारी आली. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला आणि मैत्रिणी मला म्हापशात एका गाड्यावर घेऊन गेल्या. रस-ऑम्लेट, म्हणजे अंड्याच्या पोळीवर कोंबडीचा गरम रस ओतलेला, सोबत पाव. मी म्हटले, आज सोमवार. एक जण म्हणाली, "देव पेडण्याक आसा, तू म्हापशाक आसस. खा!" मी खाल्ले. आयुष्यात पहिल्यांदा सोमवारी अंडे-कोंबडी खाल्ली आणि छान लागली. घरी पोचायला दोन तास गेले. काकीने वाटीभर मुगाचे तोंडाक, म्हणजे नारळाच्या वाटणातली उसळ, पाठवले होते. ते मी भाताबरोबर जेवले, आणि हात धुवायला उठले ती न्हाणीच्या दारात पडले.

शुद्धीवर आले तेव्हा हॉस्पिटलात होते. आई माझी पावले धरून बसली होती. तिने दिवसभर काही खाल्ले नव्हते, ते तिच्या तोंडावरून दिसत होते. डॉक्टरांनी विचारले, "सकाळपासून काय काय खाल्लेस? सगळे सांग."

मी म्हटले, "सकाळी पाव-भाजी. मग घरी भात आणि तोंडाक."

"मध्ये काही?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी वहीतही मी तेवढेच लिहिले.

आठवड्याने आईबाबा आणि आत्या मला घेऊन देवळात प्रसाद घ्यायला गेले. आमच्याकडे अडचण आली की देवीला विचारतात. पुजारी मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. काय विचारायचे ते आत्याने ठरवले होते. पुजाऱ्याने मोठ्याने विचारले, "ह्या लेकराक होता तां भायल्या हाताच्या खाण्यान होता काय, आये? होय तर उजवी दी."

खूप वेळ काही पडले नाही. मग उजवी पडली.

आत्याने मोठा श्वास सोडला. काकीचे नाव कोणीच घेतले नाही, घ्यायची गरजही नव्हती. त्या देवळात एकट्या मला माहीत होते की त्या दिवशी बाहेरचे हात दोन होते. गाड्यावाल्याचा हात कोणाच्या हिशेबात नव्हता, कारण तो मी वहीत लिहिलाच नव्हता. पुजारी मला तीर्थ देत होता. तेव्हा बोलले असते तर आत्याने दुसरा प्रश्न विचारायला लावला असता. मी तीर्थ घेतले आणि हात डोक्यावरून फिरवला.

आमच्याकडे शेजाऱ्यांचे भांडे रिकामे परत देत नाहीत. दुसरे काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालतात. तोंडाकाची वाटी आईने घासली, पुसली आणि तशीच माझ्या हातात दिली. "देऊन ये," म्हणाली. मी साखरेच्या डब्याकडे बघितले. "तशीच," आई म्हणाली.

काकी पायरीवर होती. तिने वाटी घेतली, आत बघितले. मग माझ्याकडे बघितले. "बरां," एवढेच म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर तिच्याकडून काही आले नाही. त्या वर्षी गणेशचवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला वाड्यावरच्या बायका आमच्या पडवीत बसल्या, तिला बोलावले नाही. लाटण्यांचा आवाज तिच्या घरात ऐकू जात असणार. एकीने आपल्या मुलाला तिच्या दारातून ओढून आणलेले मी पाहिले. मी पुस्तक घेऊन बसले होते. पान उलटले नाही, एवढेच.

मग मी म्हापशात दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहू लागले. डॉक्टरांनी इंजेक्शनची पिशवी दिली होती, मांडीत कसे द्यायचे ते शिकवले होते. वर्षभर काही झाले नाही. मी अंडीही खाल्ली, काही झाले नाही. गावात म्हणत, बघा, बाहेरचा हात सुटला, पोर बरी झाली. आणि मग गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी माझ्या हाताने पेज शिजवली, वर मीठ घातले, आणि अर्धे ताट होईतो तळहात खाजू लागले. बरोबरची मुलगी रडत रडत इंजेक्शन देत होती आणि मी लादीवर पडून विचार करत होते, की ही पेज माझी. तांदूळ मी निवडले, मीठ मी घातले. इथे काकी कुठेच नव्हती.

डॉक्टरांना या वेळी मी सोमवारचे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, काही जणांचे कारण सापडतच नाही, तू तेव्हा सांगितले असतेस तरी औषध हेच दिले असते. त्यांना मला धीर द्यायचा होता. पण औषधाचे मला वाईट वाटत नव्हते.

शनिवारी घरी आले आणि आईला सांगितले. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. "सोमवारी?" तिने विचारले. बराच वेळ तिला तेवढेच ऐकू आले असावे. "मी तुझ्यासाठी उपाशी आसलंय आणि तू..."

"आये, काकीची काय चूक नाय. पेज मीच केल्लंय."

"देवीन उजवी दिल्ली."

"आपण विचारलां तेचां उत्तर दिल्यान. विचारलां तांच अर्धवट होतां, माझ्यामुळे."

आई पुन्हा चिरू लागली. "तू सांग जा तिका," ती म्हणाली. "माका तोंड नाय."

काकी परसात कोकम वाळत घालत होती. "इलंस गो? मड्डम झालंस, वळखूक येणस नाय," म्हणाली. मी उभ्यानेच सगळे सांगितले. घाईत सांगितले, दोनदा अडखळले. कोंबडीच्या रसाचे ऐकून ती चक्क हसली. "सोमवारी! आवशीक सांगलंस? झाडून काढल्यान नाय तुका?" मला वाटले, झाले, सुटले. मी म्हटले, "काकी, वाढ माका. भूक लागली."

तिचे हसू गेले. "नको."

"मी माझ्या हातान घेतंय."

"मडकी माझीच मगे."

मी म्हटले, पेज माझ्या हातची होती, ऐकलेस ना. तिने मान हलवली, ऐकले होते. "भाच्याचो झील इल्लो गेल्या मे महिन्यात," ती म्हणाली. "जेवताना तेका उचकी लागली. साधी उचकी गो. मी माशांचा आख्खा हुमण परसात ओतून टाकलंय. पोर रडाक लागला. आता माकाच भिया वाटता. लोकांचा सोड."

चार पुस्तके शिकलेली मी, तिथे कोकमाच्या सुपाजवळ उभी राहिले. तिचा हात चांगला आहे हे मी गावाला सांगू शकत होते, आत्यालाही सांगेन, पण ते तिला पटवायला माझ्याकडे काही नव्हते. माझ्या आजाराचे कारण माहीत असते तर निदान ते तिच्यापुढे ठेवता आले असते.

मी तिला कोकम पसरायला मदत केली. ऊन उतरेपर्यंत आम्ही बसलो. ती माझ्या खोलीचे भाडे, बसच्या वेळा, असे विचारत राहिली. निघताना मी म्हटले, "काकी, उद्या येतंय हां."

"ये," ती म्हणाली. "पण घराकडसून जेवून ये."